बाबा, माझ्या कामाबद्दल

एडिसन, न्यू जर्सी
१२ जानेवारी २०२५

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ज्याचे पैसे त्यालाच मिळवून द्यायचे आणि वर टक्केवारी घ्यायची, हे कसलं काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

तुमच्या दुकानात यूपीआयवर काही कापलं जात नाही. इथे गिऱ्हाइकाने क्रेडिट कार्डाने शंभर डॉलर दिले, की साधारण दोन ते तीन डॉलर फीमध्येच जातात. व्हिसा, मास्टरकार्ड आणि बँका मिळून ही फी चढी ठेवतात, असा दावा व्यापाऱ्यांनी २००५ साली केला. ब्रुकलिनच्या कोर्टात तो वर्षानुवर्षं चालला. २०१२ ची तडजोड अपिलात रद्द झाली. नंतरची, सुमारे ५५४ कोटी डॉलरची, २०२३ मध्ये अपिलातही टिकली. २००४ ते जानेवारी २०१९ या काळात ज्या व्यापाऱ्यांनी ही कार्डं स्वीकारली, त्यांना भरलेल्या फीच्या प्रमाणात वाटा मिळणार. पण आपल्या वाट्यासाठी अर्ज, म्हणजे दावा, भरला तरच. मुदत ४ फेब्रुवारी २०२५.

मोठ्या कंपन्यांचे असे दावे आम्ही भरून देतो. त्यांनी या काळात इतर कंपन्या विकत घेतल्या, काही बंद केल्या. प्रत्येकीचा कर-क्रमांक वेगळा. ते जुने क्रमांक हुडकायचे, कागद जुळवायचे, ही महिनोन्‌महिन्यांची मेहनत आहे. तिचे पैसे घेण्यात मला गैर वाटत नाही.

छोट्यांचं वेगळं. मागच्या आठवड्यात सुरतेकडचे एक काका आले होते. मोटेल कधीच विकलेलं, त्यामुळे या पैशांबद्दल आलेली नोटीस त्यांनी फसवणूक समजून बाजूला टाकली होती. मी विक्रीचा करार वाचला. पलंग, चादरी, बर्फाचं मशीन, सगळ्याची यादी होती. जुन्या दाव्यांचा हक्क विकल्याचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. म्हणजे विक्रीआधीच्या वर्षांचा वाटा त्यांचाच! त्यांना आमची गरजच नव्हती. कोर्टाने मान्य केलेल्या अधिकृत साइटवर दावा फुकट भरता येतो, हे सांगितलं आणि शेजारी बसून त्यांच्याकडूनच भरून घेतला. हे फुकट होतं हे लपवून जे एकट्या दुकानदाराकडून टक्के उकळतात, त्यांचा मलाही संताप येतो. तिथे तुमचं म्हणणं अगदी खरं आहे.

मुदत संपेपर्यंत घरी यायला उशीरच होईल. आईला म्हणावं काळजी करू नकोस, जेवण वेळेवर होतं. फोन रविवारी करेन.

तुमची लेक