काळजातल्या जाळीची चिठ्ठी

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : सरकारी योजनेतून शरीरात बसवलेल्या उपकरणाची लेखी माहिती रुग्णाच्या हातात देण्याबाबत

साहेब,

मी सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला गलाई कारागीर आहे. आमच्या विटा-आटपाडी पट्ट्यात पाऊस बेताचा, म्हणून आमची माणसं सोनं-चांदी गाळायचं काम शिकून देशभर पांगली. मीही वीस वर्षं तमिळनाडूत काढली. आता विट्यात लहानसं दुकान आहे. आमच्या धंद्याची एक रीत आहे. कुणी एक ग्रॅमची तुकडी आणली तरी मुशीत टाकण्याआधी तिचं वजन लिहायचं, गाळून झाल्यावर पुन्हा वजन करायचं, टंच, म्हणजे शुद्धता, काढायचा आणि हे सगळं लिहिलेली चिठ्ठी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. चिठ्ठीशिवाय माल दुकानाबाहेर जात नाही.

माझ्या लेकीच्या काळजात २०१८ साली धातूची जाळी बसवली. त्या जाळीची चिठ्ठी मला मिळाली नाही. त्याबद्दल हे पत्र आहे.

आधी सांगतो की मी सरकारचा ऋणी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्या कार्यक्रमातलं पथक आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आलं नसतं तर लेकीच्या हृदयाला होल आहे हे आम्हाला कळलंच नसतं. ती तेव्हा पहिलीत होती. सारखी सर्दी व्हायची, अंगाला काही लागत नव्हतं, पळाली की दम लागायचा. आम्ही म्हणायचो, अशक्त आहे, दूध-अंडी वाढवा. पथकातल्या डॉक्टर बाईंनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ काढलीच नाही. मग मला बोलावून म्हणाल्या, "छातीत आवाज येतोय, टू-डी इको करावा लागेल." इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दिसलं की वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला सोळा मिलिमीटरचं भोक आहे. हजार बाळं जन्मली तर साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, असं त्या वेळी ऐकलं. ऐकून धीर आला नाही, पण फक्त आपल्याच घरावर ही वेळ आलेली नाही एवढं कळलं.

मुंबईच्या रुग्णालयात सगळं फुकट झालं. छाती उघडावी लागली नाही. भोकाच्या कडेला जाळी धरून राहील एवढा पडदा शिल्लक होता, म्हणून शिरेच्या वाटेने काम झालं. कडा नसल्या किंवा भोक भलत्या जागी असलं तर ऑपरेशनच करावं लागतं.

आदल्या दिवशी तिथल्या डॉक्टरांनी मला नमुन्याची जाळी हातात दिली होती. मी धातूचा माणूस, तो क्षण मी विसरणार नाही. केसासारख्या बारीक तारांची विणलेली दोन तबकडं, मध्ये आखूड कंबर, आत पांढऱ्या कापडाचा तुकडा. डॉक्टरांनी ती ओढून काडीएवढ्या नळीत घेतली. आत गेल्यावर ती लांबट दोरीसारखी झाली. मग नळीच्या तोंडातून हळूहळू बाहेर ढकलली, तसं आधी एक तबकडं उमललं, मग दुसरं, आणि होती तशी पुन्हा चपटी झाली. मी तीन वेळा करून दाखवायला लावलं. सोनं वाकवलं की वाकलेलंच राहतं. हा धातू आपला आकार लक्षात ठेवतो. साधारण निम्मं निकेल, निम्मं टायटॅनियम असा तो मिश्रधातू, नाव नायटिनॉल. अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत तो सापडला आणि नावात त्या प्रयोगशाळेची आद्याक्षरंही आहेत. साधारण पाचशे अंश सेल्सिअसला तापवून त्याला आकार शिकवतात. एकदा शिकला की माणसाच्या अंगाच्या उबेत तो त्या आकाराला परत येतो.

मी निकेलचं विचारलं. खोट्या दागिन्यातल्या निकेलने बायकांच्या कानाच्या पाळ्या चिघळतात, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. डॉक्टर माझ्यावर चिडले नाहीत. म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. वर टायटॅनियम ऑक्साइडचा बारीक थर असतो, आणि सहा महिन्यांत तिच्या स्वतःच्या पेशी जाळीवर चढतात. तोवर रोज एक गोळी द्यायची." दुसऱ्या दिवशी मांडीच्या शिरेतून नळी वर नेली, डाव्या कप्प्यात एक तबकडं उघडलं, मागे ओढून पडद्याला टेकवलं, मग उजव्या बाजूचं उघडलं. तार ओढून-ढकलून बघितली आणि जाळी पक्की बसल्याची खात्री झाल्यावरच सोडली. तिसऱ्या दिवशी आम्ही एसटीत होतो. लेक खिडकीशी बसून भडंग खात होती.

त्या आनंदात डिस्चार्ज कार्ड मी नीट वाचलं नाही. इंग्रजीत एक ओळ होती की भोक डिव्हाइसने बंद केलं. कोणतं डिव्हाइस, केवढं, कोणत्या कंपनीचं, बॅच कोणती, काहीच नाही.

त्याची किंमत गेल्या पावसाळ्यात कळली. लेक आता नववीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात आहे. चिखलात पाय मुरगळला आणि गुडघा टम्म सुजला. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. खोलीबाहेर मशीन चालवणाऱ्या मुलाने विचारलं, "शरीरात काही मेटल?" मीच सांगितलं, हृदयात जाळी आहे. तो थांबला. "कार्ड?" मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं. त्याने वाचलं आणि मान हलवली. "काका, कंपनी आणि मॉडेल लागतं. हे एमआरआयमध्ये चालतं असं लिहून आणा, नाहीतर मी घेऊ शकत नाही."

त्याचं काही चुकलं नाही. दुसऱ्याच्या पोरीच्या काळजातला अनोळखी धातू एवढ्या मोठ्या चुंबकात घालायला मीही तयार झालो नसतो.

मग फोन सुरू झाले. मुंबईचा नंबर लागायचा नाही. लागला तर या विभागातून त्या विभागात. ज्यांनी जाळी बसवली ते डॉक्टर बदलून गेले होते. शेवटी रात्रीची गाडी धरून मी स्वतः गेलो. रेकॉर्ड रूममधल्या कारकुनाने दुपारभर गठ्ठे उपसले. त्या भल्या माणसाने चहासुद्धा मला पाजला. चार वाजता फाइल निघाली. आतल्या पानावर एक स्टिकर होतं, माझ्या बोटाएवढं. नाव, माप, बॅच नंबर, अनुक्रमांक, सगळं त्याच्यावर. मी मोबाइलवर फोटो काढला. कारकून म्हणाला, "योजनेचे पैसे मिळायला आम्ही हे सगळं वर पाठवलेलं असतं."

तो स्टिकर दाखवल्यावर एमआरआय वीस मिनिटांत झाला. ती जाळी ठरावीक ताकदीच्या मशीनमध्ये चालणारीच होती. त्या बोटाएवढ्या कागदासाठी पोरगी तीन आठवडे गुडघ्याला पट्टा बांधून बसली होती.

साहेब, कारकुनाचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. माहिती रुग्णालयाकडे आहे. पैसे देणाऱ्या योजनेकडे आहे. नाही ती फक्त जिच्या अंगात जाळी आहे तिच्याकडे.

याच्या आदल्या वर्षी माझी म्हातारी आई गोठ्यात पाय घसरून पडली आणि तिच्या पाठीचा मणका दबला. मिरजेत खाजगीत नेलं. तिच्या मण्यात सुईवाटे एक फुगा नेला, तो आत फुगवून दबलेलं हाड वर उचललं, फुगा काढला आणि झालेल्या पोकळीत हाडाचं सिमेंट भरलं. म्हणजे हाडात फुगा उघडला आणि लेकीच्या हृदयात जाळी उघडली. काम सारखंच, बारीक वाटेने आत जायचं आणि जागेवर जाऊन मोठं व्हायचं. पण आईचे पैसे मी भरले, म्हणून मला बिल मिळालं. बिलाला सिमेंटचं आणि फुग्याच्या किटचं स्टिकर चिकटवलेलं होतं. ते आमच्या घरी सातबाऱ्याच्या पिशवीत आहे. लेकीचं काम फुकट झालं, म्हणून बिल नाही, आणि बिल नाही म्हणून कागद नाही.

हृदयाच्या स्टेंटच्या किमतीवर केंद्राने २०१७ च्या फेब्रुवारीत मर्यादा घातली. तेव्हा रुग्णालयांना असंही बजावलं होतं की बिलात स्टेंटची किंमत वेगळी दाखवा, ब्रँड, कंपनी आणि बॅच नंबर लिहा. चांगला नियम आहे. पण तो बिल भरणाऱ्याच्या उपयोगाचा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आणि बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्यांना बिलच येत नाही, त्यांच्या हातात काय पडतं? आणि हीच माणसं सगळ्यात जास्त पत्ते बदलतात. ऊसतोडीला जातात, गलाईला जातात, जतहून कर्नाटकात जातात. कागद त्यांनाच जास्त लागतो.

एमआरआय अडला तर माणूस निदान मुंबईला जाऊन येतो. याहून वाईट घडू शकतं, आणि आपल्या देशात ते घडून गेलंय. एका परदेशी कंपनीचा खुब्याचा कृत्रिम सांधा सदोष निघाला आणि २०१० साली कंपनीने तो जगभरातून परत मागवला. भारतात तो सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांमध्ये बसवला गेला होता. पुढे केंद्राने नेमलेल्या समितीने शोध घेतला तर त्यातल्या ३,६०० हून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. सदोष धातू अंगात घेऊन ती माणसं कुठे आहेत, हे कुणाला सांगता आलं नाही. आमच्या धंद्यात एखाद्या लगडीत खोट निघाली तर चिठ्ठीच्या नंबरावरून ती कुठल्या दुकानातून कधी गेली ते संध्याकाळपर्यंत सापडतं. लगडीचं सापडतं आणि माणसाचं सापडत नाही, हे मला सहन होत नाही.

युरोपात २०१७ चा कायदा आहे, तो २०२१ पासून लागू झाला. शरीरात कायम राहणाऱ्या अशा उपकरणाबरोबर रुग्णाला कार्ड द्यायचंच, अशी त्यात सक्ती आहे. आपण केंद्राच्या कायद्याची वाट बघत बसायचं कारण नाही. ज्या शस्त्रक्रियेचे पैसे राज्याची योजना देते, तिथे अट घालायला राज्य मोकळं आहे. पैसे सोडण्याआधी एवढंच बघा की रुग्णाला कार्ड दिलं का, आणि त्याच्या पोचेवर आई-बापाची सही किंवा अंगठा आहे का. कार्ड मराठीत असावं. त्यावर मूळ स्टिकर चिकटवावं. एमआरआय चालतो का, दात काढायचा झाला तर काय सांभाळायचं, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर कुठे जायचं, हे आठवीतल्या पोरीला वाचून कळेल अशा भाषेत लिहावं. एका कार्डाला किती खर्च येणार? जाळी काही हजारांची, लाखाची असते.

दुसरी गोष्ट तपासणीची. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जाळी बसली म्हणजे संपलं असं नाही. क्वचित, अगदी क्वचित, तिची कड हृदयाच्या भिंतीला घासते, आणि ते काही वर्षांनीही होऊ शकतं. म्हणून अधूनमधून इको आयुष्यभर करत राहायचा. पहिल्या वर्षीच्या तीन फेऱ्या आम्ही मुंबईला केल्या. प्रत्येक फेरीला दोन दिवसांचा रोज बुडाला. नंतर सुटलं ते सुटलंच, खरं सांगतो. माझ्यासारखे किती बाप असतील. होल शोधायला शिबिरं होतात, बंद केलेलं होल बघायला शिबिर होत नाही.

मिरजेला लोक आरोग्यपंढरी म्हणतात. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे रुग्णालय उभं केलं तेव्हापासून कर्नाटक-गोव्यापासून माणसं उपचाराला येतात. १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादांच्या नावाचं मोठं शासकीय रुग्णालय आहे. एवढं असताना जिल्ह्यातल्या जाळीवाल्या पोरांनी इकोसाठी मुंबईला का जायचं? महिन्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी लहान मुलांच्या हृदयाचे डॉक्टर मुंबई-पुण्याहून इथे येऊ देत. एक डॉक्टर आला की पन्नास कुटुंबांचा प्रवास वाचतो. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच आहे. माझी लेक चार वर्षांत अठराची होईल, पुढे सासरी जाईल, बाळंतपण येईल. जाळी तिच्याबरोबरच असणार. तेव्हा तिने कुठल्या दारात उभं राहायचं, हेही त्या कार्डावर छापलेलं पाहिजे.

२०१८ च्या आधी आणि नंतर ज्यांना अशा जाळ्या बसल्या, त्यांचे स्टिकर योजनेच्या दप्तरी असतील तर तेही काढून घरोघरी पाठवता येतील. आशाताईंना प्रत्येक घर माहीत असतं.

आपलं कार्ड येईल तेव्हा येईल. मुंबईहून आल्यावर मी दुकानाचं पावतीपुस्तक उघडलं आणि लेकीच्या नावाने एक चिठ्ठी फाडली. मालाच्या रकान्यात जाळीचं नाव आणि माप लिहिलं, त्याखाली बॅच नंबर, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि माझा फोन. वजनाचा आणि टंचाचा रकाना मोकळा ठेवला. चिठ्ठीला प्लॅस्टिकचं आवरण करून घेतलं. ती तिच्या दप्तरात, कंपासपेटीच्या कप्प्यात असते.

आपला,
एक गलाई कारागीर
ता. खानापूर, जि. सांगली