साहेब, एकदा अष्टमीला या

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मालवण तालुक्यातला, कर्ली खाडीच्या काठावर राहणारा, शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक. कोकणात 'जलक्रीडा' म्हटलं की लोकांना बनाना राइड आणि जेटस्की आठवते. माझी त्याला हरकत नाही, चार घरं त्यावर चालतात (माझा पुतण्याच स्कुबावाला आहे). पण ते झालं पर्यटन. खेळ म्हणून या पाण्याकडे कुणाचं लक्ष गेलेलं नाही, म्हणून हे पत्र.

३ ऑक्टोबर २०२३ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम या जोडीनं कॅनो या अरुंद होडीच्या १००० मीटर शर्यतीत कांस्य मिळवलं. वेळ ३ मिनिटं ५३.३२९ सेकंद. त्याआधीचं या खेळातलं आपलं पदक १९९४चं, हिरोशिमाचं, तेही याच शर्यतीतलं कांस्य. मधली एकोणतीस वर्षं कोरडी. सुनील मणिपूरचा, लोकताक तळ्याकाठच्या मच्छीमार घरातला. ही बातमी मी जेटीवर मोठ्यानं वाचली, तेव्हा जाळं शिवत बसलेल्या एकानं मान वर न करता विचारलं, "मगे आमची पोरां खंय रवली?"

ती खंय रवली, म्हणजे कुठे राहिली, ते सांगतो.

कॅनोत एक गुडघा टेकून बसायचं, हातात एकाच पात्याचं वल्हं, तेही एकाच बाजूनं मारायचं. सुकाणू नाही. उजवीकडे वल्हवलं की होडीचं तोंड डावीकडे वळणारच. ते वळू नये म्हणून प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी पातं किंचित पिळून पाणी बाहेर सारावं लागतं. हे हातात बसायला नव्या खेळाडूचे महिने जातात. आमच्याकडे तरीवाल्याच्या, म्हणजे होडीनं माणसं पलीकडे पोचवणाऱ्याच्या, दहा वर्षांच्या पोरीच्या मनगटात ते असतं. कसं करतेस विचारलं तर तिला सांगता येणार नाही, पण होडी सरळ पलीकडे लागते.

काही वर्षांपूर्वी असाच एक नववीतला मुलगा घेऊन मी घाटावर निवड चाचणीला गेलो. त्याचा सराव झाला होता पर्यटकांना भाड्यानं देतात त्या रुंद प्लॅस्टिकच्या कयाकवर (ही बसून, दोन पात्यांच्या वल्ह्यानं मारायची होडी), मालकाच्या मेहेरबानीनं, गिऱ्हाईक यायच्या आधी. तिथं त्याच्यापुढे शर्यतीची कयाक आली. पाच मीटर वीस सेंटीमीटर लांब, वजन बारा किलो, रुंदी जेमतेम बसण्यापुरती, तळ गोल. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "गुरुजी, ही होडी नाय, काठी आसा." बसला, दोनदा वल्हं मारलं आणि उलटला. पुन्हा बसला, पुन्हा उलटला. काठावरचे हसले. तिसऱ्यांदा साठेक मीटर गेला, तोवर त्याचं नाव कापलं गेलं होतं. एसटीत रात्रभर तो गप्प होता. कणकवली आल्यावर म्हणाला, "ती होडी आठ दिवस गावली असती तर?" मला उत्तर सुचलं नाही. आता तो ट्रॉलरवर आहे.

त्यानंतर मी अर्ज केले. एकदाच उत्तर मिळालं, तेही तोंडी: खाडीला ओढ असते, तिथं शर्यतीचा सराव होत नाही. ऐकायला बरोबर आहे. ओहोटीबरोबर मारलेली वेळ खोटी, भरतीच्या तोंडावर मारलेलीही खोटी. पण पंधरवडाभर पाणी एकसारखं धावतं, हे कुणी सांगितलं? अष्टमीच्या आसपास भांग असतो, चढउतार कमी, ओढ मंद. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे इथल्या पोरालाही ठाऊक. म्हणजे अष्टमीला सहाच्या सुमारास. पाणी भरलं की थोडा वेळ जागीच थांबतं आणि पहाटे वाराही उठलेला नसतो. ५०० मीटरला दोन-तीन मिनिटं लागतात, पाणी थांबलेलं असतं तेवढ्यात चार पोरांच्या वेळा लावून होतात. उरलेले दिवस ओढीविरुद्ध वल्हवायचं. त्यासारखा व्यायाम नाही. मोठ्या स्पर्धेला नऊ मार्गिकांचं स्थिर पाणी लागतं, हे मान्य. पण मी स्पर्धा भरवा म्हणत नाही.

समुद्र नसलेल्या मध्य प्रदेशानं भोपाळच्या तलावावर हे करून दाखवलं. तिथं सराव करून प्राची यादव टोकियोच्या पॅरालिम्पिकला गेली आणि २०२३च्या आशियाई पॅरा स्पर्धेत तिनं सुवर्ण आणलं. आमच्याकडे खाड्यांवर खाड्या आहेत आणि शर्यतीची एक होडी नाही.

मला काय हवं? एकट्यानं मारायच्या दोन कयाक, दोन कॅनो, एक जोडीची कॅनो, मापाची लाइफ जॅकेट आणि पगारी प्रशिक्षक. पावसाळ्यात सुट्टी. ५०० मीटरच्या बोया आमचे मच्छीमार टाकतील. त्यांच्या वाटेत येणार नाहीत अशा जागी, ती जागाही तेच ठरवतील. होड्या ठेवायला माझी खळ्यातली मांगराची जागा देतो. भूमिपूजन नको, कोनशिला तर नकोच.

एखाद्या अष्टमीला पहाटे साडेपाचला जेटीवर या. गाड्यांचा ताफा वरच्या रस्त्याला ठेवा, पोरं बुजतात. तरीवाल्याची पोर तुम्हाला पलीकडे नेईल. तिच्या उजव्या मनगटाकडे तेवढं बघा.

आपला,
कर्ली खाडीकाठचा एक निवृत्त मास्तर