मंत्रीसाहेब, जुना रस्ता फोडा, पण आधी त्याचे फोटो तरी काढून ठेवा

मा. नगरविकास मंत्री,
नमस्कार.

रस्ता रुंदीकरणाला माझा विरोध नाही हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर लगेच हेरिटेजवाला म्हणून बाजूला काढतील. जुन्या शहरातला रस्ता बदलतच आलेला असतो, घोडागाड्या गेल्या, कुठे ट्राम आली, तिचे रूळ डांबराखाली गेले, मग गाड्या आणि पार्किंग, वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं गेली आणि तिथं ऑफिसं नाहीतर गोदामं झाली. तक्रार त्याची नाही. तक्रार ही आहे की आधी तिथं काय होतं हे सांगणारा कागदच नंतर मिळत नाही.

साधी रस्त्याची उंची घ्या. जुना थर खरवडायचा नाही आणि त्याच्यावरच नवीन डांबर ओतायचं, दर वेळी रस्ता थोडा वर येतो, असं वर्षानुवर्षं चाललं की घराच्या पायऱ्या एकेक करून गायब होतात, जोतं रस्त्याच्या खाली जातं आणि पाऊस आला की पाणी थेट घरात. मग रहिवासी म्हणतात रस्ता चढला, इंजिनियर म्हणतात घर खचलं, आणि जुनी लेव्हल कुणाकडेच नाही. असली तरी कुठल्या कपाटात आहे देव जाणे.

आता पॅरिस बघा. 1853 ते 1870 या काळात ओस्मान नावाच्या प्रशासकाने जुन्या शहराचा मोठा भाग पाडून रुंद रस्ते काढले, लोकांनी शिव्याही भरपूर घातल्या, पण ज्या नगरपालिकेने पाडापाडी केली तिनेच चार्ल्स मार्व्हिल नावाच्या फोटोग्राफरला पाडायच्या गल्ल्यांचे फोटो काढायला लावले. चारशेहून जास्त फोटो आहेत, आणि आज ते गटार, ते ओले दगड, भिंतीवरच्या जाहिराती सगळं दिसतं. पाडणाऱ्यानेच नोंद ठेवली, मला हे फार आवडतं.

अमेरिकेत तर हे काम विम्यामुळे झालं! सॅनबॉर्न कंपनीने आगीचा धोका ठरवायला शहरांचे नकाशे काढले, विटांची इमारत गुलाबी, लाकडाची पिवळी, दगडाची निळी, आणि काही बदललं की जुन्या नकाशावर नवीन तुकडा चिकटवायचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्यातले ढीगभर नकाशे ऑनलाइन फुकट ठेवलेत, एकाच रस्त्याचे वेगवेगळ्या वर्षांचे नकाशे शेजारी लावून बघा, तास कसा जातो कळत नाही.

कोणी म्हणेल रस्त्यांचे फोटो दाखवणारं गुगलचं स्ट्रीट व्ह्यू आहे की. आहे, पण ते सुरूच झालं 2007 मध्ये, त्यात रस्त्याखालचे पाइप दिसत नाहीत, अरुंद बोळात गाडी शिरत नाही, आणि ते एका खाजगी कंपनीचं आहे, उद्या बंद केलं तर आपण काय करणार?

तर मागणी एवढीच, जुन्या भागातल्या रस्त्याच्या टेंडरमध्ये एक अट घाला. काम सुरू व्हायच्या आधी दारोदार फोटो, रस्त्याची आणि जोत्यांची लेव्हल, खोदल्यावर खाली जे सापडेल त्याची नोंद, काम संपल्यावर त्याच जागेवरून परत फोटो, आणि हे सगळं वेबसाइटवर टाकल्याशिवाय कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघणार नाही. रस्त्याच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. आणि तुमच्या खात्याकडे जे जुने सर्व्हेचे नकाशे आहेत ते वाळवी लागायच्या आधी स्कॅन करा, यासाठी तर टेंडरचीही वाट बघायला नको.

आपला,
एक पायी फिरणारा नागरिक