नाना गेले भो

पक्या,

नाना गेले रे. ग्रुपवर ढब्बूने टाकलेला हार घातलेला फोटो तू बघितलाच असशील. मला ग्रुपवर काही लिहावंसं वाटलं नाही आणि फोनवर बोलता आलं नसतं, म्हणून रात्रीचा टाईप करत बसलोय. सहा महिने तुझ्या एकाही मेसेजला उत्तर दिलं नाही त्याबद्दल काय त्या शिव्या घालून घे. तब्येत ठीक, आईचे गुडघे तसेच.

रविवारी शोकसभा आहे आणि सगळे मला म्हणतात तू मास्तर आहेस, तू बोल. बाकीचे काय बोलतील ते मला आत्ताच पाठ आहे, माजी महापौर, प्रथम नागरिक, विकासपुरुष, अमुक रस्ता, तमुक सभागृह. मला मात्र चार दिवस नुसता तो माठ दिसतोय. तू आणलेला आणि मी फोडलेला. (फोडायचं ठरलंच नव्हतं असं तू अजून म्हणतोस, अरे ठरलं होतं, एकवीरेच्या पायऱ्यांवर बसून ठरलं होतं, बॅटरीला विचार.)

आठव ना, मे महिना, दहा दिवस नळाला थेंब नाही, गल्लीतल्या बाया हंडे घेऊन पुढे आणि आपण मागून महापौर हाय हाय. नाना लुंगी-बनियनवर बाहेर आले आणि माझा माठ बरोबर त्यांच्या पायाशी फुटला, खापर लागून अंगठ्यातून रक्त. कोणीतरी पोलीस बोलवा म्हणालं तर त्यालाच गप्प केलं. मग आपल्याला ओट्यावर बसवून ते 1949 च्या महापालिका कायद्याचं पेनाने रेघा मारलेलं पुस्तक काढलं. 2003 ला आपल्या धुळ्याची महापालिका झाल्यापासून आपल्याला वाटायचं महापौर म्हणजे गावचा राजा, त्याने बोट दाखवलं की काम झालं. तेव्हा कळलं की कारभार आयुक्तांच्या हातात, खर्चाची मंजुरी 16 जणांच्या स्थायी समितीकडे, आणि महापौराने सभा चालवायची, मतं समसमान पडली तर एक मत जास्तीचं द्यायचं. "माझ्या सहीने नळ सुटत नाही पोरांनो, चला पाणी सोडायच्या वॉलवर जाऊन बघू," म्हणाले आणि अंगठ्याला फडकं बांधून सायकल काढली.

रात्री दीड वाजेपर्यंत वॉलमनच्या मागे फिरवलं आपल्याला, देवपूरपर्यंत. तापीचं पाणी एवढ्या लांबून पंपाने आणायचं, मध्येच लाईट गेली की सगळं ठप्प, रिकामी झालेली लाईन परत भरेपर्यंत शेवटच्या गल्लीची वेळ संपून जायची, त्यात पुढच्या घरांनी डायरेक्ट नळाला मोटारी लावलेल्या. पहिली मोटार त्यांनी स्वतःच्या साडूची काढली! तो साडू नंतर दोन लग्नांत त्यांच्या पंगतीला बसला नाही.

आणि अडीच वर्षं संपली, दिव्याची गाडी गेली, तरी पाण्याच्या नोंदींची वही आणि सायकल तीच राहिली भो. रोज सकाळी पाचकंदीलला चहा, आणि दिसेल त्याला "काय रे भो, पानी उनं का?" रोज तेच, पाणी आलं का, लोक कंटाळायचे. मीपण कंटाळायला लागलो होतो, हे तुलाच सांगतोय.

मागच्या महिन्यात त्यांनी मला तीनदा फोन केला, मी उचलला नाही. काम माहीत होतं, गल्ल्यागल्ल्यांतून लिकेज कुठे कुठे आहेत ते लिहून काढायचं होतं आणि सोबत कोणीतरी पाहिजे होतं. पेपर तपासायचे होते माझे, पण तेवढंच कारण नव्हतं, ऊन होतं आणि जीवावर आलं होतं. चौथ्यांदा हिच्या फोनवर केला. "मास्तरले सांग बेटा, मी एकलाच जास." आणि गेले खरंच, 81 वर्षांचा माणूस, भर उन्हात. डॉक्टर हार्टचं म्हणाले, ते त्यानंतर पंधरा दिवसांनी, उन्हाचा काही संबंध नाही असं सगळे सांगतात. मला झोप लागत नाही.

त्यांच्या पोराने सांगितलं, अंगठ्यावरच्या खुणेबद्दल कोणी विचारलं की नाना म्हणायचे रस्त्यात खापर लागलं. कोणी फोडला ते घरातसुद्धा कधी बोलले नाहीत. तो मला हे सांगत होता आणि मी मान डोलवत उभा. त्या वेळी तू म्हणाला होतास जाऊन पाया पड, आणि मी त्यावरून तुझ्याशी महिनाभर बोललो नव्हतो. तुझं बरोबर होतं.

आता रविवारी मी ते स्टेजवर सांगू का? ही म्हणते नको, लोकांना वाटेल नानांच्या निमित्ताने स्वतःचंच सांगतोय. पण ते सोडून मी दुसरं काहीही बोललो तर माझ्या तोंडून ते खोटंच निघेल असं वाटतं. आणि ती वही सध्या माझ्याकडे आहे, शेवटची सात पानं लिकेजची, अर्ध्या गल्ल्या बाकी आहेत.

तुझ्या पोरीचे दहावीचे मार्क ऐकले, शाब्बास म्हणाव तिला, नाशिकच्या फ्लॅटचं काय झालं तेही कळव, वहिनींना नमस्कार.

रविवारी येता आलं तर शनिवारीच ये, सकाळी वही घेऊन निघू, गल्ली नंबर 4 पासून राहिलंय. नाहीच जमलं तर फोन कर, पण रात्री नवानंतर. उद्या आमच्याकडे पाण्याचा दिवस आहे.

तुझाच,
मास्तर