परदेशी निघालेल्या मुलाच्या फाइलीत ‘बेडा’ म्हणजे नको, हेही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दत्तकाच्या नियमांप्रमाणे मूल आधी देशातल्या पालकांना दाखवतात. त्यांतून कुणी पुढे आले नाही, तर परदेशी कुटुंबांचा विचार होतो. डाउन सिंड्रोम (म्हणजे जन्मतःच एक जादा गुणसूत्र) असलेल्या मुलाच्या वाट्याला ही दुसरी वाट पुष्कळदा येते. ‘खुळं पोर कोण घेणार’ हे आपल्याकडे अजून उजळ माथ्याने बोलले जाते. त्यावर वेगळे पत्र लिहावे लागेल. आज लिहायचे ते अशा मुलाबरोबर दत्तक-संस्थेकडून जाणाऱ्या कागदांबद्दल. बालक अभ्यास अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल यांत वजन, उंची, निदान सगळे भरलेले असते. मूल कसे जेवते आणि पाण्याला काय म्हणते, हे मात्र पुष्कळदा एका शब्दात उरकलेले असते किंवा राहूनच जाते. नव्या घरात पहिली अडचण नेमकी तिथेच येते.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे भाषेचा घोळ ठरलेला. कामकाज कानडीत चालते, म्हणून मुलाची भाषाही ‘कन्नड’ लिहून मोकळे होतात. संस्थेत भरवणारी मावशी खानापूरची असेल तर मुलाच्या कानावर दिवसभर मराठी असते, आणि रात्रपाळीची बाई कानडी बोलते. या मुलांना बोलता येते त्याहून समजते बरेच जास्त. ‘बोलत नाही’ असा शेरा मारलेले मूल ‘बा’ (कानडीत ‘ये’) म्हटल्यावर येते आणि ‘बस’ म्हटल्यावर बसते. ते ताट सारून ‘बेडा’ म्हणाले, म्हणजे कानडीत नको म्हणाले, तर इंग्रजी कानाला तो ‘बेड’ वाटू शकतो. न जेवताच झोपवायला नेलेले मूल आकांत करणार आणि हट्टी ठरणार. म्हणून मूल जे म्हणते ते त्याच्याच उच्चारात लिहा, शुद्ध करून नको. समोर अर्थ लिहा, आणि ते कधी म्हणते तेही. हाक कोणती, हे तर हवेच. कागदावर भारदस्त नाव असते, पण मूल वळून बघते ते मावशीने ‘बाळ्या’ म्हटल्यावर. प्रत्येक शब्दाची पाच-सहा सेकंदांची चित्रफीत मोबाइलवर घेतली तर उत्तमच.

परदेशी गेलेले मूल इथली भाषा काही महिन्यांतच विसरू लागते आणि तिथली अजून आलेली नसते. या मुलांची ऐकलेले लक्षात ठेवण्याची ताकद कमी, पाहिलेले लक्षात ठेवण्याची बरी. त्यामुळे हा मधला काळ हाताच्या खुणांवर निभावतो. पाणी, अजून, पुरे, शू, दुखतंय, ये, झोप, एवढ्या सात-आठ खुणा निघण्याआधी दोन-तीन महिने रोज जेवताना आणि आंघोळीच्या वेळी वापरा. खुणा त्या देशातल्याच घ्या: ब्रिटनमध्ये मॅकाटॉन ही खुणांची पद्धत चालते, अमेरिकेत तिथल्या खुणांची भाषा. होणाऱ्या पालकांकडून व्हिडिओ कॉलवर शिकून घेता येतात. खुणा केल्या की मूल बोलायचे थांबते, ही भीती खोटी आहे; शब्द आला की खूण आपोआप गळते. दोन भाषांनी मूल गोंधळते हेही तसेच. दुभाषी घरांतल्या डाउन सिंड्रोमच्या मुलांवर अभ्यास झाले, त्यांत दुसऱ्या भाषेमुळे पहिलीचे नुकसान दिसलेले नाही.

आता जेवण. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मायेपोटी नाही तर घाईपोटी होतात. एका मावशीला पाच-सात पोरे भरवायची असली की बाटलीच्या बुचाचे भोक मोठे केले जाते, मूल आडवे ठेवून पेज ओतली जाते. स्नायू सैल असलेल्या मुलाच्या ती श्वासनलिकेत उतरते. वारंवार होणाऱ्या न्यूमोनियामागे हे कारण असू शकते. मूल ताठ बसवा, कंबर आणि गुडघे काटकोनात, पायांखाली पाट. चमचा उथळ घ्या, जिभेच्या मध्यावर हलके दाबा आणि ओठ मिटेपर्यंत थांबा. वरच्या ओठाला घासून घास पुसला तर ओठ मिटायला शिकतच नाही. दात उशिरा येतात म्हणून चार वर्षांपर्यंत पेजच देत राहिले तर चावणे येत नाही. पेजेवरून घट्ट नाचणी, मग मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. शिजवलेल्या गाजराचा लांब तुकडा धरून बाजूच्या दाढांच्या जागी टेकवला की जबडा हलू लागतो. मूल यातल्या कोणत्या पायरीवर आहे, हे फाइलीत एका ओळीत लिहा. नाहीतर तिकडे पहिल्याच दिवशी बिस्किटाने ठसका लागायचा.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. निम्म्याच्या आसपास मुलांना जन्मतः हृदयदोष असतो. छातीत आवाज नाही म्हणजे हृदयाला छिद्र नाही, असे समजू नये: मोठ्या छिद्रात दोन्ही बाजूंचा दाब सारखा झाला की आवाज येतच नाही. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हवाच, आणि ‘इको केला’ या शेऱ्याबरोबर चित्रफीतही जोडावी. मोठ्या छिद्राची शस्त्रक्रिया पहिल्या सहा महिन्यांत व्हावी लागते, नाहीतर फुप्फुसांचा दाब वाढून ती करण्याजोगी न राहण्याचा धोका असतो. दत्तक ठरण्याची वाट पाहण्यात ही वेळ निघून जाते. ती राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून इथेच करून घ्यावी. थायरॉइड वर्षातून एकदा, ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी, आणि चेहऱ्यावरून निदान न करता गुणसूत्रांची चाचणी. रक्त जेमतेम दोन-तीन मिली लागते. बीसीजीची तारीख लिहा, कारण ती लस घेतलेल्या मुलाची क्षयाची त्वचाचाचणी तिकडे होकारार्थी येऊ शकते. वाढीची नोंद डाउन सिंड्रोमसाठीच्या तक्त्यावर करा, पण त्याआड खरे कुपोषण लपवू नका.

‘ही पोरे सगळ्यांच्या गळ्यात पडतात, प्रेमळच असतात’ हेही अहवालात हौसेने लिहिले जाते. संस्थेत वाढलेले कुठलेही मूल दिसेल त्याच्या कडेवर जाते. त्याला आपले माणूस ठरलेले नसते. नव्या आईवडिलांना हे आधी सांगावे, म्हणजे पहिले काही महिने भरवणे, आंघोळ, झोपवणे ते दोघेच करतील आणि पाहुण्यांना दूर ठेवतील. मुलाची रोजची वाकळ सोबत द्या, न धुता.

पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी तिकडून प्रगती-अहवाल येतो. तो फाइलीत टाकण्याआधी मावशींना वाचून दाखवा. ‘झोपताना रडते’ असे त्यात असेल, तर इथे ते कशाने झोपायचे हे त्याच सांगू शकतील.

आपले,
मुलांच्या विकास-उपचारांत काम करणारे काही जण,
बेळगाव-खानापूर