स्वर्ग आहे म्हणून रडायचं नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आम्ही कोल्हापूरचे ख्रिस्ती. इथं मिशनचं काम १८५२ पासूनचं, त्यामुळं शेजारपाजार आम्हाला नवा नाही. तरी माझे पती डायलिसिसवर गेल्यापासून एक वाक्य सारखं कानावर येतं: "तुम्हाला काय, स्वर्गाची गॅरंटी आहे!" बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याला लागतं.

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीन. पाणी वाटीनं मोजून. तांबडा रस्सा तर नुसता वासावर! रात्री त्यांच्या डाव्या हातावर, फिस्टुलाच्या म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेनं जोडलेल्या रक्तवाहिनीच्या जागी बोट ठेवते. आत रक्त घरघरत असतं, ते थांबलं नाही ना हे रोज बघावं लागतं.

सार्वकालिक जीवनावर माझा पक्का विश्वास आहे. पण मेलेल्या मित्राला, लाजराला, आता जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडलाच. प्रेषित पौलानं थेस्सलनीकाकर ख्रिस्ती मंडळीला पत्रात शोक करू नका असं सांगितलं नाही; आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढंच म्हटलं. आणि आमची आशा शरीर टाकून सुटण्याची नव्हे, देहाच्या पुनरुत्थानाची आहे. म्हणून तर हा सुयांनी चाळण झालेला हात मला महत्त्वाचा वाटतो. त्याला तेल लावणं हीसुद्धा माझी उपासनाच. पाळकसाहेबांना हे पटेल का, देव जाणे!

तेव्हा भेटायला जरूर या, गप्पा मारा, कुस्तीचा विषय काढा, ते खुलतात. फक्त नारळपाणी आणू नका, त्यातलं पोटॅशियम त्यांना चालत नाही.

– एक वाचक, कोल्हापूर