तात्यांची निवडणूक वैशाखात ठेवू नकोस

मालवण,
कार्तिक शुद्ध पंचमी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचं हस्तलिखित पोचलं, दोनदा वाचून झालं. इतिहास जिथून वेगळा वळवायचा, तो 1756 चा फाटा तू नेमका पकडलास. तुळाजी आंग्र्यांवरच्या रागापोटी नानासाहेब पेशवे इंग्रजांच्या जोडीला गेले, ते तुझ्या कथेत गेले नाहीत, फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली आपलंच आरमार जळालं नाही, आणि आंग्र्यांचं राज्य टिकून पुढे त्याचं प्रजासत्ताक झालं. इथवर मी तुझ्याबरोबर आहे. पटत नाहीत ते तुझे नायक, तात्या. त्यांना तू घाटावरच्या पुढाऱ्यासारखं वाढवलंस: मैदान, लाखाची सभा, टाळ्या, सत्ता. अरे, कोकणात मैदान आहे कुठे? गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेल्या आठ-दहा वाड्या. वाडीची बैठक बसते, दोन-तीन जाणते बोलतात, आणि चाळीस घरांचा एकच शब्द ठरतो. भाषण ऐकायला सगळे येतील, नमन-खेळ्यांसारखं रात्रभर बसतीलही. मत मात्र बैठकीत पडतं.

पण खरी गोष्ट तुझ्याच कथेत पडून आहे आणि तुला ती दिसली नाही. मुंबई तू इंग्रजांकडेच ठेवलीस, ते योग्यच. बंदर खोल आहे, 1854 ची दावरांची कापडगिरणीही निघालीच असती. मग गिरणीतला चाकरमानी आता परदेशात आहे! त्याची मनीऑर्डर हे परकी चलन झालं. राजापूर-संगमेश्वरातली चूल परक्या सरकारच्या टपालावर पेटते. इंग्रजांनी एक महिना मनीऑर्डरी अडवल्या तर विजयदुर्गाचं सरकार तोफ न डागता वाकेल. असा देश चालवणारा लोकप्रिय पुढारी दापोलीत उगवणार नाही, तो गिरणगावातच उगवेल.

म्हणून तात्यांची सुरुवात गावकऱ्यांच्या खोलीतून कर. दहा बाय दहाची खोली, पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं, भिंतीवर ओळीनं ट्रंका, जेवण खानावळीत. प्रत्येक गावाचं मंडळ, त्याची मासिक वर्गणी, त्याची वही. तात्या त्या वह्या लिहितात. कुणाचं पत्र वाचून दाखवतात, कुणाची मनीऑर्डर भरून देतात. पाच-सहा वर्षं हेच. कुठल्या घरात किती पैसे जातात, कोण कर्जात आहे, कुणाचा खोताशी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराशी, दावा आहे, सगळं त्यांना पाठ. ही त्यांची खरी ताकद, आवाज नव्हे. पहिली मागणीही इथूनच निघेल: परदेशी राबणाऱ्याला मत. ते मिळेपर्यंत मतदार कोण, तर घरी राहिलेल्या बायका. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेतही हजार पुरुषांमागे 1,100 हून जास्त बायका होत्या. तुझ्या तीनशे पानांत सभेला आलेली एकही बाई बोलत नाही, हे जरा बघ.

निवडणूक तू वैशाखात घेतलीस. वैशाखात कोकणी माणसाला मरायला फुरसत नसते. आंबा उतरवायचा, पेट्या भरायच्या, भाजावळ, म्हणजे रोपासाठी जमीन भाजणं, उरकायची, घर शाकारायचं. पावसाळ्यात वाटा बंद, बंदरं बंद. उरतो शिमगा, चाकरमानी घरी असतो तो तेव्हा. मात्र होळी उभी राहिल्यापासून ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, परत बसेपर्यंत राजकारण करायचं नाही. मतदान त्यानंतर, आणि परतीची बोट सुटायच्या आधी. जेमतेम चार-पाच दिवस मिळतात. या चिंचोळ्या मुदतीत तुला हवी तेवढी ओढाताण आहे. आणि पालखीच्या मानात तात्यांना अजिबात पडू देऊ नकोस. पहिला खांदा कुणाचा या वादात जो बाहेरचा पडला, त्याची दोन्ही वाड्यांतली मतं गेली.

खोती रद्द करण्याचं प्रकरण फार घाईत उरकलंस. एका हुकमात खोत गेला, कुळं नाचली, पुढचं प्रकरण. आपल्या इतिहासात हे किती चिवट होतं बघ: अलिबागजवळच्या चरीत कुळांनी 1933 मध्ये जमीन कसणं सोडलं, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने तो संप 1939 पर्यंत चालला; बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक आणलं, जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा नेला; कायदा झाला 1949 मध्ये. उशीर काही फक्त सरकारच्या नाठाळपणामुळे नव्हता. खोत उभ्या पिकाची अभावणी करायचा, म्हणजे अंदाज बांधायचा, भातातून अर्धेल (निम्मा वाटा), वरकसातून, म्हणजे उतारावरच्या हलक्या जमिनीतून, तिर्धेल (तिसरा हिस्सा) घ्यायचा, वर वेठ. हे सगळं खरं. पण गावाचं दप्तर त्याच्याच माडीवर असायचं आणि आषाढातली खावटी, म्हणजे पोटापुरतं उसनं भात, तेही तोच द्यायचा. तात्यांनी हुकूम काढल्यावर पहिल्या रात्री काय होईल? दप्तर जळेल, नाहीतर विहिरीत जाईल. मग भाताचा कोणता चोंढा कुणाचा, हे सांगणार कोण? मोजणीदार पाठवावे तर पीक कापल्यावर, म्हणजे कार्तिकापासून वैशाखापर्यंतच साखळी टाकता येते, आणि इथे एकेक तुकडा दोन-चार गुंठ्यांचा, भाऊबंदांत सात वाटे. एका गावाला एक उघाडी, म्हणजे अख्खा कोरडा हंगाम, सहज जाते. दरम्यान दुसरा आषाढ येतो, घरातलं भात संपतं, आणि खावटी मागायला कुळ पुन्हा त्याच माडीखाली उभं राहतं. या वेळी चोरून, चढ्या व्याजाने. खोती कागदावर गेली, सावकारी आली. तात्यांनी आधी पतपेढी काढायला हवी होती, हुकूम नंतर. ते उलटं करतात, कारण पतपेढीच्या उद्घाटनाला ढोल वाजत नाहीत. माणूस इथे कळतो. या प्रकरणाला पन्नास पानं दे.

तात्यांच्या जकातमाफीचंही तसंच. आंग्र्यांचं राज्य मुळात दस्तकावर, म्हणजे जहाजांना दिलेल्या परवान्यावर, उभं होतं. दस्तक घेतल्याशिवाय गलबत पुढे जायचं नाही. किनाऱ्याच्या राज्याला दुसरं मोठं उत्पन्न नाही, भात स्वतःला पुरत नाही. मीठ, नारळ, मासळी यांची जकात एकदम माफ केली की पहिला पगार तटतो तो बंदरावरच्या शिपायाचा. तो मग स्वतःची जकात घेऊ लागतो.

तात्यांनी चाकरमान्यांना दिलेली गणपतीची फुकट बोट मात्र फार आवडली. नारळी पौर्णिमेपासून चतुर्थीपर्यंत एकोणीस तिथी. समुद्र अजून निवळलेला नसतो आणि सगळी मुंबई धक्क्यावर. फुकट तिकिटाला मोजदाद राहत नाही, तांडेलाला नाही म्हणता येत नाही. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, 600 हून अधिक माणसं गेली. तुझ्या जगात रामदास नाही, पण पाणी तेच आहे. फुकट बोट ठेवलीस तर हा धोकाही ठेव.

कादंबरीच्या शेवटी लष्करी बंड नको. आपल्या शेजारचंच बघ. गोव्यात 16 जानेवारी 1967 ला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर, जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170 मतं, विरोधात 1,72,191. विलीनीकरणाचा झेंडा घेतलेले भाऊसाहेब बांदोडकर हरले, आणि त्याच वर्षी विधानसभा जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले! लोकांनी माणूस ठेवला, त्याचं स्वप्न परत केलं. तात्यांनाही असाच कौल हरू दे; मुंबईशी तह करायचा की नाही, यावर. पुढची दहा वर्षं ते खुर्चीत आणि ज्यासाठी आले ते हातातून गेलेलं. बंडापेक्षा हे जास्त बोचेल.

एक किरकोळ: नवव्या प्रकरणात आषाढात तात्या बोटीने विजयदुर्गाला उतरतात. ते खोडून टाक, तेव्हा बंदर बंद असतं. करूळ घाटाने उतरव, खारेपाटणपर्यंत चालत आण, आणि तिथून भरती बघून होडीने खाडीतून पुढे.

तुझाच